डिंगोऱ्याहून नाण्यांच्या बाजाराला

आमचे डिंगोरे शोधायचे असेल तर ओतूरकडून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवा. ओतूर सोडले की उदापूर, मग आमचे गाव, पुढे पिंपळगाव जोग्याचे धरण, मढ आणि मग घाट. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धबधबे पाहायला याच रस्त्याने येतात आणि टपऱ्यांवर मक्याची कणसे खाऊन निघून जातात. उरलेले वर्ष रस्त्यावर टोमॅटोचे आणि कांद्याचे टेम्पो असतात. आमच्यासारख्यांना मात्र या गावाची सोय निराळीच वाटते. इथून तीन दिशा जवळ पडतात. घाट उतरला की मुरबाडवरून कल्याण आणि पुढे मुंबई. आळेफाट्यावरून उत्तरेला वळले की संगमनेर, सिन्नर, नाशिक. आणि दक्षिणेला नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करत पुणे. जुनी नाणी, नोटा आणि पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या घराला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, आणि शाळा बुडत नसेल तेव्हा दोन्ही मुले. गेली काही वर्षे या तिन्ही शहरांतली नाण्यांची प्रदर्शने आम्ही करतो आहोत. ‘प्रदर्शन’ हा शब्द जाहिरातीतला. प्रत्यक्षात तो बाजार असतो. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस एखादे सभागृह भाड्याने घेतलेले असते. टेबलाला टेबल लावून गावोगावचे व्यापारी बसलेले असतात आणि भिंतीकडेला काही संग्राहकांनी आपली चौकटीतली नाणी नुसती पाहायला मांडलेली असतात. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या सोनल हॉलमध्ये, मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये असे मेळे भरत आले आहेत. अमेरिकेत अशीच गर्दी खेळाडूंच्या कार्डांसाठी होते. तिथे १९८० पासून त्यांचे राष्ट्रीय संमेलनसुद्धा भरते. आपल्याकडे मान नाण्यांना, त्याखालोखाल नोटांना आणि तिकिटांना. कार्डवाला एखादा असलाच तर कोपऱ्यात, पंख्याखाली, कागद उडू नयेत म्हणून वर काच ठेवून बसलेला.

शुक्रवारी आम्ही जात नाही. जुम्याची नमाज आणि तीन तासांची एसटी यांचा मेळ बसत नाही. शनिवारी फजर पढून निघायचे, डब्यात भाकरी आणि सुकी भाजी घ्यायची, म्हणजे दहा-साडेदहाला दारात. जोहरसाठी जवळची मशीद कुठे आहे हे आधी विचारून ठेवावे लागते. पुण्या-मुंबईत अडचण येत नाही, आणि व्यापाऱ्यांत आपली माणसे बरीच असल्यामुळे कुणीतरी उठतोच, “चला भाई, मीही येतो” म्हणत. शेजारचा जैन किंवा मराठा व्यापारी तेवढा वेळ त्याचे टेबल सांभाळतो. लाखाचा माल समोर उघडा असतो, पण कुणाला त्यात विशेष काही वाटत नाही.

आत शिरल्यावर नवख्या माणसाचे डोळे आधी काचेखालच्या सोन्याच्या होनाकडे आणि मोहरांकडे जातात. ते आपल्या कामाचे नाही. आमची जागा परातींपाशी. प्रत्येक दुसऱ्या टेबलावर एक परात किंवा प्लॅस्टिकचा टब असतो आणि त्यात मिसळीची नाणी असतात. ‘कोणतेही दहा रुपये’, ‘कोणतेही पन्नास’ अशी चिठ्ठी वर लावलेली. त्यात हात घालून तासभर बसायचे. बोटे काळी होतात, तांब्याचा वास घरी आल्यावरही जात नाही, आणि शंभरातली नव्वद नाणी अशी झिजलेली असतात की त्यांवर काही उरलेले नसते. उरलेल्या दहांसाठी हा खटाटोप.

इथे आपल्या घरांतल्या मुलांच्या हाती एक गोष्ट असते, तिची किंमत आपल्यालाच ठाऊक नसते. मकतबात कुराणाच्या नाजऱ्यासाठी शिकलेली अक्षरे. सुलतानांच्या, मुघलांच्या, इतकेच काय पेशवाईच्या काळातल्या बहुतेक चांदीच्या रुपयांवरचा मजकूर फारसी लिपीत आहे. पेशव्यांच्या पुण्याच्या टांकसाळीतून जो अंकुशी रुपया निघे, त्यावरसुद्धा नाव शाह आलम बादशहाचे आणि खूण अंकुशाची. व्यापारी नाणे हातात घेऊन वजन सांगतो, चांदी सांगतो, ‘मुघल’ एवढे सांगतो. कुठल्या टांकसाळीचे, कितव्या वर्षाचे, हे वाचणारे थोडेच.

पुण्याच्या एका मेळ्यात आमची थोरली मुलगी अशाच एका टेबलापाशी उभी होती. ती तेव्हा सातवीत. रुपया उलटासुलटा करून तिने ‘जर्ब’ हा शब्द शोधला. हा शब्द सापडला की त्याच्या जवळपास गावाचे नाव असते, एवढे तिला आम्ही सांगितले होते. मग ती अडखळत म्हणाली, “खुजिस्ता बुनियाद.” तिला वाटले आपण चुकलो, असे कुठे गाव असते का? व्यापारी मात्र खुर्चीतून पुढे वाकला. खुजिस्ता बुनियाद हे औरंगाबादच्या टांकसाळीचे नाव. शुभ पाया असा त्याचा अर्थ. त्याने तिच्यापुढे आणखी वीस-पंचवीस नाणी ओतली आणि म्हणाला, “बेटी, एवढी वाचून दे.” ती दुपारपर्यंत वाचत बसली. निम्मी जमली, निम्मी नाहीत. जाताना त्याने तिला आपले भिंग दिले. ते अजून तिच्या दप्तरात असते.

तारीखही मुले काढू शकतात. नाण्यावर हिजरी सन असतो आणि बहुधा बादशहाच्या कारकिर्दीचे वर्षही, ‘सने जुलूस’ म्हणून. हिजरी वर्ष चांद्र असल्याने लहान. म्हणून हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. औरंगजेबाच्या एका रुपयावर चार उभ्या रेघा होत्या, शेजारी शेजारी. मुलगा म्हणाला ही नक्षी आहे. ती नक्षी नव्हती, १११११ मधला एक कमी, म्हणजे ११११ हिजरी होते. गुणाकार केला तर १६९९ येते. ते नाणे पाडले गेले तेव्हा औरंगजेब दख्खनमध्येच मराठ्यांचे किल्ले घेत फिरत होता.

याच औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमा बंद केला. त्याच्या आधी अकबराच्या, जहांगीरच्या, शहाजहानच्या कितीतरी नाण्यांवर कलमा आणि चारी खलिफांची नावे येतात. नाणे कुणाच्याही हातात जाते, कुठेही पडते, पायाखालीही येते, तेव्हा पवित्र शब्दांची बेअदबी नको असे कारण इतिहासकार नोंदवतात. आमच्याकडे शहाजहानचा एक झिजका रुपया आहे. त्यावर कलम्याची अक्षरे अजून ओळखू येतात. बाकीची नाणी मुले चटईवर पसरतात. तो एक वरच्या फळीवर, वेगळ्या डबीत असतो. तसे कुणी सांगितले नव्हते, घरात आपोआपच ठरले.

आता थोडे आमच्या जुन्नरविषयी, कारण या मेळ्यांत जुन्नरचे नाव निघाले की व्यापाऱ्यांचे कान टवकारतात. नाणेघाटातून कोकणात उतरणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी मालाने भरलेली असे. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असे लोक सांगतात. तिथल्या लेण्यातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत, हजारो कार्षापणांचे. कार्षापण म्हणजे त्या काळचे नाणे. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. याच नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का उमटवलेला. जिंकलेल्या राजाची चांदी वितळवायचीही त्याने तसदी घेतली नाही, वरून ठोकली आणि चालवली. राज्य बदलले हे बाजारातल्या शेवटच्या माणसालाही त्यातून कळले असेल.

मग बहमनी आली. जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य पुकारले ते इथूनच; अहमदनगर शहर त्यानंतर वसले. हापूसबागेतला सौदागर गुंबज अजून उभा आहे. निजामशाहीची जी नाणी मिळतात ती बहुतेक तांब्याची, जाडजूड, वेडीवाकडी. पुढे शिवनेरीचे नाव ज्यांच्यामुळे घरोघर गेले त्या शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’. महाराजांच्या नंतरही शिवराई पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही खेड्यापाड्यांत चालत राहिली, म्हणून ती आजही भरपूर मिळते. जुन्नरचा माणूस दिसला की व्यापारी हमखास विचारतो, “गावाकडे काही आहे का?”

हा प्रश्न आम्हाला आवडत नाही, आणि खरे तर हा लेख लिहायचे एक कारण तोच प्रश्न आहे. गावाकडे काहीबाही निघत असते. विहीर खणताना, नांगरताना, जुने घर पाडताना. हिरवट पडलेल्या तांब्याच्या चकत्या निघाल्या की त्या भंगारवाल्याकडे किलोवर जातात आणि चांदी निघाली तर सोनाराच्या मुशीत. आमच्याच पंचक्रोशीत एका बांधावर निघालेली तांब्याची नाणी भंगारात गेल्याचे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. कोणाची होती, सातवाहनांची की निजामशाहीची, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. पैसे किती मिळाले असतील? एका वेळच्या बाजाराचे.

लोक भितात ते कायद्याला. सांगितले तर सरकार सगळे घेऊन जाईल, वर चौकशी लागेल, अशी समजूत. कायदा जुना आहे, १८७८ सालचा निखात निधीचा. जमिनीत दडलेले आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, असे तो सांगतो. गावात तलाठी आणि तहसीलदार यांच्यामार्फत हे होते. पण पुढचे कुणी वाचत नाही. त्या धनावर कुणाचा हक्क शाबीत झाला नाही तर ते सापडणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळते. दोघांत वेगळा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक मालकाचा. सरकारला ते हवे असेल तर त्याच्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेते. लपवणे हा मात्र गुन्हा आहे. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे परदेशात पाठवणे किंवा नेणे हाही १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने गुन्हा आहे, हे आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगून ठेवावे. तिकडच्या कुणी ‘येताना दोन-चार जुने सिक्के आण’ म्हटले तर सरळ नाही म्हणावे.

नाशिकच्या वाटेवर आम्ही एकदा मुक्काम वाढवून त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला गेलो. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. नाणे कसे पाडत ते तिथे नीट कळते. धातूची चकती तापवायची, खालच्या छापावर ठेवायची, वर दुसरा छाप धरून घणाचा एकच घाव. म्हणून जुन्या नाण्यांवर मजकूर अर्धा कापला गेलेला असतो; छाप मोठा आणि चकती लहान. हे एकदा पाहिले की बाजारात साच्यात ओतलेले खोटे नाणे ओळखायला सोपे जाते. ओतलेल्या नाण्याच्या कडेला बारीक शिवण दिसते, अंगावर बुडबुड्यांची छिद्रे असतात, आणि एकाच टेबलावर तीच खोच, तोच ओरखडा असलेली चार ‘दुर्मीळ’ नाणी शेजारी शेजारी बसलेली असतात. शिवराई आणि होन यांच्या नकला तर सध्या खऱ्यांपेक्षा जास्त असाव्यात.

नकलांपेक्षा वाईट आहे ते भोळेपणावर चालणारे दुकान. पितळेच्या मोठ्या चकत्या, एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, सन १६१६ किंवा १८१८, आणि दुसऱ्या बाजूला हिंदू घरांसाठी राम दरबार किंवा मारुती, आपल्या घरांसाठी मक्का-मदिनेची आकृती आणि ७८६. कंपनीने असे नाणे कधी पाडले नाही. हे तांदूळ ओढते, घरात बरकत आणते, परदेशात कोट्यवधींना जाते असे सांगून विकतात. दोन्ही समाजांना सारख्याच सफाईने फसवणारा धंदा म्हणावा तर हाच.

आणि मग ७८६ च्या नोटा. यावर जरा थांबायला हवे. मेळ्यात एक टेबल तरी असे असते की बुरख्यातली बाई किंवा टोपीवाले चाचा दिसले की व्यापारी अल्बमचे तेच पान उघडतो. शेवटी ७८६ असलेल्या दहाच्या, वीसच्या, शंभरच्या नोटा, दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने. बिस्मिल्लाहसाठी हा आकडा वापरावा की नाही यावरच आलिमांत मतभेद आहेत, तो विषय आमचा नाही. आमचा विषय साधा हिशेबाचा आहे. नोटेचा क्रमांक सहा आकडी. दहा लाख नोटांच्या मालिकेत शेवटचे तीन आकडे ७८६ असलेल्या नोटा किती? पहिले तीन आकडे ००० पासून ९९९ पर्यंत काहीही असू शकतात, म्हणजे एक हजार. दर हजार नोटांमागे एक. बँकेतल्या रोखपालाने कोऱ्या शंभर-शंभर नोटांची दहा सलग पुडकी मोजली की त्यांत एक ७८६ असतेच. आणि अशा मालिका एकेका मूल्याच्या नोटेत शेकड्यांनी निघतात. हौस म्हणून कुणी दहाची नोट पंधराला घेतली तर हरकत नाही. पण तिला दुर्मीळ म्हणणे खोटे आहे.

हे आम्ही तावातावाने लिहितो याला कारण आहे. गेल्या वर्षी नात्यातल्या एका चाचींना फोन आला. त्यांच्या मुलाने कुठेतरी ७८६ च्या नोटेचा फोटो टाकला होता. समोरचा माणूस मोठ्या अदबीने बोलला, सलाम करून. नोटेचे तीन लाख मिळतील, मात्र आधी नोंदणीचे पाच हजार भरावे लागतील, आणि पुरावा म्हणून मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असलेले पत्र पाठवले. चाची कपाटातून पैसे काढून बसल्या होत्या. ते पैसे नातीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी ठेवलेले. दोन मिनिटे उशीर झाला असता तर मुलगा ओतूरला भरायला निघाला होता. आम्ही त्यांच्यापुढे कागदावर वरचा हिशेब मांडला. त्या म्हणाल्या, “हजारात एक, मग ते तीन लाख का देतील?” एवढे त्यांना स्वतःला कळले, आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही, ती असे शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणालाही दिलेला नाही. खरेदीदार कधी आधी पैसे मागत नाही. विकायचेच असेल तर नोट घेऊन एखाद्या मेळ्यात जा आणि पाच टेबलांवर विचारा. पाचही जण हसतील, पण कुणी फी मागणार नाही.

मुंबईच्या फेऱ्या मुलाच्या आवडीच्या. माळशेजचे धुके, मुरबाडचा नाष्टा, कल्याणहून लोकल. त्याला नाण्यांत रस नाही, क्रिकेटमध्ये आहे. म्हणून कोपऱ्यातल्या कार्डवाल्याकडे त्याची वेगळी चक्कर. आमच्या लहानपणी च्युइंगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची चित्रे निघायची, पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांचे ट्रम्प कार्ड शाळेच्या दप्तरातून मास्तर जप्त करायचे, आणि १९९९ च्या विश्वचषकाला आख्खा महाराष्ट्र ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टनावरच्या धावा जमवत होता. ते सगळे आता काचेखाली, पाकिटात घालून बसले आहे. त्याच्याही मागे इंग्लंडची सिगारेटच्या पाकिटातली कार्डे. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा घालत, पुढे त्यावर चित्र आले; विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंचा संच काढला. १९३० च्या दशकात प्लेअर्स कंपनीच्या कार्डावर पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान आहेत. ते आधी इंग्लंडकडून खेळले आणि १९४६ मध्ये भारताचे कर्णधार झाले. मुलाला मन्सूर अली खान माहीत होते, त्यांचे वडील त्या बोटभर पुठ्ठ्यावर भेटले.

कार्डांच्या बाबतीत घरात एक नियम आहे. बंद पाकीट घ्यायचे नाही. आत कोणता खेळाडू निघेल ते माहीत नसते, हवा तो निघेपर्यंत मुले पाकिटांमागून पाकिटे फोडत राहतात आणि नको असलेला ढीग फेकून देतात. याला जुगार म्हणावे की नाही ते जाणकार ठरवोत. पोराच्या चेहऱ्यावरची हाव आम्हाला दिसते, तेवढे पुरे. उघडे कार्ड पाहून, किंमत विचारून घ्यावे किंवा आपल्याकडचे जास्तीचे देऊन बदलावे. तिकिटांचे तसे नाही, ती समोर दिसतात. टपाल खात्याने १९९६ मध्ये चार क्रिकेटपटूंची तिकिटे काढली: सी. के. नायडू, विनू मंकड, विजय मर्चंट आणि पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर. आणि १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, सचिनचा दोनशेवा कसोटी सामना वानखेडेवर सुरू झाला त्या दिवशी, त्याची दोन. मुलाने ही सहाही जमवली आहेत. देवधरांचे शेवटी पुण्यात मिळाले, तेही एका आजोबांनी त्याच्याकडच्या मुंबई टांकसाळीच्या दोन नाण्यांच्या बदल्यात दिले.

वाचकांपैकी अनेक भगिनींच्या पेटीत चांदीचे रुपये असतील, दादी-नानीकडून आलेले. त्यांच्याविषयी थोडे. राणीच्या छापाचे १८७६ पर्यंतचे रुपये ‘क्वीन’, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हे प्रमाण १९३९ पर्यंत टिकले. १९४० पासून चांदी निम्मी झाली आणि १९४७ चे रुपये निकेलचे आहेत. १९४७ च्या रुपयावर वाघ आहे, दिसायला देखणा, पण त्यात चांदीचा कणही नाही. सोनाराने ‘सगळे राजाचेच’ म्हणून एकत्र तोलले तर कधी तुमचा तोटा, कधी त्याचा. जकातीचा हिशेबही इथे येतो. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, आणि जुना रुपया एक तोळ्याचा. म्हणजे त्रेपन्न रुपये पेटीत असतील तर ती नुसती आठवण राहत नाही. निम्म्या चांदीच्या रुपयांचे काय, हे आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही आमचे विचारले आणि दर रमजानला हिशेब करतो.

आणि कृपा करून चिंच, राख, लिंबू लावून घासू नका. नाण्यावरचा काळा थर हे त्याचे वय आहे. घासून चकचकीत केलेला रुपया मेळ्यात चांदीच्या भावात जातो, न घासलेला त्याच्या साल-टांकसाळीच्या भावात. माळेसाठी कडी डाखलेल्या रुपयांचेही तसेच, संग्राहक ते घेत नाही. पण माळ तोडू नये. आमच्या एका मावशींकडे बावीस रुपयांची अशी माळ आहे. मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्याने ती पाहिली आणि चांदीचा भाव सांगितला. मावशींनी विचारले, “यातला माझ्या सासूचा मेहर किती आणि माझा किती, ते लिहिलंय का कुठे?” तो हसला. त्यांनी माळ परत पेटीत ठेवली.

परतीचा प्रवास नेहमी उशिराचा. पुण्याहून शेवटच्या गाड्यांपैकी एखादी पकडून नारायणगाव, मग मिळेल त्या वाहनाने ओतूर, आणि पुढे कुणाच्या तरी जीपमध्ये. फाट्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर उसाची शेते लागतात, बिबट्याचा वावर आहे, म्हणून चौघे एकत्र, मोठमोठ्याने बोलत, मोबाइलचे दिवे लावून चालतो. मुलगी पुढे असते. परातीतून निवडलेली नाणी कागदाच्या पुडीत तिच्या मुठीत असतात, आणि चालता चालता ती एकेक काढून मोबाइलच्या उजेडात धरते. “थांबा,” ती मध्येच म्हणते, “इथे जर्बच्या खाली काहीतरी आहे.” मागून मुलगा ओरडतो, घरी जाऊन वाच, बिबट्या येईल. या हिवाळ्यात नाशिकचा मेळा करायचे ठरले आहे. आळेफाट्याची पहिली गाडी साडेपाचला मिळते असे कळले आहे. तारीख नक्की झाली की आत्याच्या मुलींनाही बरोबर घेणार आहोत. त्यांचा नाजरा नुकताच पूर्ण झाला.